कोपऱ्यावरची शिट्टी

खुर्चीत मान मागे टाकून म्हाताऱ्यानं आ केला. डॉक्टरबाईंनी आरसा आत घातला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काका, पुन्हा तिथंच!"

पुढच्या दाताच्या हिरडीवर वाटाण्याएवढी गुलाबी गाठ. दोनदा कापली, दोनदा तपासायला पाठवली, दोन्ही वेळा निरुपद्रवी निघाली. पण चिवट पाहुणीसारखी, निरोप दिला तरी फिरून दारात हजर.

"वेत दातात धरता अजून?"

खुर्च्या विणताना ओली पट्टी दातात धरून ताणायची, ही त्याची जन्माची खोड. पहिल्या वेळी 'सोडली' म्हणाला होता, पण सोडली नव्हती. या खेपेला मात्र खरंच सोडली होती.

"आईशप्पथ सोडलं, बाई."

"मग ऐका. गाठ वाईट नाही, हट्टी आहे. तिचं मूळ दाताच्या मुळाशी आहे, आणि दातही हलतोय. दात काढून हाडापर्यंत खरवडलं, तर सुटाल. नाहीतर गवतासारखं वरवर कापत बसू."

"दात राहू द्या."

"या वयात कुणाला दाखवायचाय?"

"दाखवायचा नाही हो, वाजवायचाय."

मग त्यानं सांगितलं. बायकोची नजर गेल्यापासून दार वाजलं की ती दचकायची. एकदा हातातलं गरम दूध पायावर सांडलं. तेव्हापासून तो गल्लीच्या कोपऱ्यावरूनच शिट्टी घालायचा, मी आलो म्हणून.

"नंतर खोटा दात बसवू. पण हिरडी भरेपर्यंत थांबावं लागेल."

"तोवर?"

डॉक्टरबाईंनी आरसा पुसून ठेवला. तो घरी विचारायला गेला.

"काढून टाका," बायको म्हणाली. "तोंडाला रक्ताचा वास येतो तुमच्या. डोळे गेलेत माझे, नाक शाबूत आहे."

"अगं, पण शिट्टी?"

"बघू."

दात निघाला. हिरडीवर कापूस दाबून तो घराकडे निघाला. कोपऱ्यावर सवयीनं ओठ जुळले, पण नुसतीच हवा सुटली. तो तिथंच थांबला. दार वाजवावं, तर ती दचकणार. हाक मारावी, तर तोंडात बोळा. शेवटी चपला मुद्दाम घासत तो पुढं निघाला.

दार अजून चार घरं लांब होतं, तोच आतून शिट्टी आली. बेसूर, निम्मी थुंकीच, पण चाल त्याचीच.

तो उभा राहिला. पुन्हा आली.

त्यानं ओठ घट्ट मिटले. डॉक्टरबाईंनी आज हसायला मनाई केली होती.