तापल्यावरची जागा

टेलरमास्तरांची बायको वारली आणि काही महिन्यांनी तिची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार खडखडायला लागली. चढ लागला की बुडाखाली कुणी पत्र्याचा डबा आपटतंय असा आवाज. मास्तरांना तो ऐकवेना. शेवटी गाडी विकायची ठरली. संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं.

"एवढी दुपार द्या मला," मेव्हणी म्हणाली. गॅरेज तिचं. गाडी दोघी बहिणींनीच तिथं सुटे भाग जोडून उभी केलेली.

"सायलेन्सरचा पाइप बुडाला कुठं लागत नाही," मास्तर म्हणाले. "मी पाहिलंय, मधून बोट सहज जातं."

"भावजी, तुम्ही बोट घालता तेव्हा गाडी झोपलेली असते. घरात पीठ आहे? कणीक भिजवून आणा."

पिठाच्या डब्याला मास्तरांनी इतके दिवस हात लावला नव्हता. भिजवता भिजवता कोपरापर्यंत माखले आणि डब्यासकट गॅरेजात परतले.

"ही कणीक म्हणायची की खळ?" म्हणत मेव्हणीने वर पीठ घालून ती घट्ट केली आणि चार गोळे पाइप आणि गाडीचं बूड यांच्या मधल्या फटीत दाबून बसवले. "चला, टेकडीवर."

चढावर खडखड झालीच. परत येऊन गाडी वर उचलली, तसा भाजलेल्या कणकेचा वास सुटला. मास्तर जागीच थांबले. घरातून हा वास गेलाच होता.

तीन गोळे जाडच होते. मागच्या चाकांजवळचा चौथा दबून कागदाएवढा पातळ झाला होता, वर पाइपाच्या जोडाची रेघ उठलेली, शिवणीसारखी.

"लोखंड तापलं की वाढतं. पाइप मागं सरकतो आणि इथं आपटतो."

मास्तरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. श्वास घेतला की छाती फुगते, म्हणून जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे जरा सैल शिवले. लोखंडालाही तेवढी जागा लागते, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"हे तुझ्या ताईला ठाऊक होतं?"

"युक्ती तिचीच. पाइप लटकवणारी रबरं सैलावली की दरवेळी हेच करायची. मी एरवी कधी कणीक मळते का?"

तिने जोडावरचा पट्टा सैल करून पाइप थोडा फिरवला, रबरं बदलली, पट्टा पुन्हा आवळला. मास्तर एकटेच निघाले.

चढावर त्यांनी श्वास धरला. खडखड नाही. त्या जागी एक खोल, भरलेला आवाज, पाठीतून छातीत शिरणारा. म्हणजे ती इतकी वर्षं हे ऐकत होती. त्यांना वाटायचं, नुसती फिरायला जाते.

घराच्या फाटकाशी गिऱ्हाईक उभं होतं. मास्तरांनी त्याला हात केला आणि गाडी तशीच पुढे नेली.