मागच्या रांगेतला गृहस्थ

"शेजारशेजारच्या जागाच शिल्लक नव्हत्या," हे पतिराजांचे अधिकृत निवेदन. पतिराज दंतवैद्य. समोरच्याच्या जबड्यात हत्यारे असताना आपल्या विधानांना कोणी हरकत घेत नाही, या अनुभवाला ते वक्तृत्व समजत.

बाईंनी मात्र उभी हयात न्यायालयात लघुलेखन केले होते. निवेदने कुठे उसवतात हे त्यांना पाठ होते. पहिला टाका बसमध्ये चढताच सुटला. बाईंची जागा पुढे, पतिराजांची स्वारी पार मागे, आणि मधल्या रांगांत चिटपाखरू नव्हते. दुसरा टाका वाहकाने उसवला. "ताई, बसा कुठंही. आज माश्यासुद्धा आल्या नाहीत."

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत हाच गृहस्थ एका आसनावर दोघे मावतात हे सिद्ध करायला निघाला होता, आणि दोघे मावलेही होते. मग लेक झाली. गाडीत ती बेंबीच्या देठापासून रडे, म्हणून लांबलांबच्या जागा घ्यायची पद्धत पडली. एकाने मूल सांभाळत प्रवाशांचे शाप झेलायचे. दुसऱ्याने दूर बसून, हे कुणाचे बरे मूल, असा चेहरा करून झोपायचे. मग पाळी बदलायची. लेक आता स्वतःच्या संसाराला लागली होती. मूल नव्हते, पाळी नव्हती. साहेबांची झोप तेवढी अबाधित होती.

हा माणूस आपल्यासोबत निघालाय की नुसताच त्याच गाडीत बसलाय, एवढाच बाईंचा प्रश्न होता. दुसरे खरे ठरले, तर पुढच्या थांब्यावर उतरून त्या घरी परतणार होत्या. पिशवी उचलून त्या मागे गेल्या. पतिराजांचे डोळे मिटलेले.

"अहो, सोंग पुरे. झोपलात की तुम्ही घोरता."

"अगं, सांगितलं ना, जागाच..."

"मग तुमच्या शेजारी हे काय आहे? फुलदाणी?"

"ज्याने त्याने आपापल्या नंबरावर बसायचं असतं."

"बोलावू वाहकाला?"

"नको!"

"मग खरं सांगा. नाहीतर मी थांब्यावर उतरतेय."

जन्मभर दुसऱ्यांना "आ करा" म्हणणाऱ्याने स्वतःचे तोंड फार कष्टाने उघडले. आरोपीचा जबाब, कानामात्रेचाही फरक न करता, असा:

"जागा होत्या. मीच लांबच्या घेतल्या. लेकीच्या आधी आपण गाडीत काय बोलायचो, ते मला आठवेना. घरी टीव्ही असतो, भांड्यांचा आवाज असतो. इथे तू शेजारी बसलीस आणि मला काहीच सुचलं नाही, तर? बस ना. पिशवी दे इकडे, मी धरतो. आणि हे बघ, लेक रडायची तेव्हासुद्धा मी झोपलेलो नसायचो. माझी झोपायची पाळी आली की नुसते डोळे मिटून पडायचो."