चौघांनी धरलं की

म्हाताऱ्याचा ठोसा असा बसला की छिऊबाईंच्या नाकाचं हाड कटकन मोडलं. रक्त अंगातल्या झग्यावर सांडलं, वहीवरही. आणि बाईंनी आधी काय पुसावं? वही! नर्सिंग कॉलेजात शिकवून केस पांढरे झाले, पण संशोधनाचं खूळ काही जाईना.

तैवानातल्या ताइनानजवळच्या त्या शुश्रूषागृहात थू-सुई नावाचा, स्मृती गेलेला म्हातारा रोज अंघोळीच्या वेळी कुणाला तरी फोडून काढायचा. एका पोरीचा दात पाडला, दुसरीचा अंगठा चावला. "आज शेवटची संधी," बाईंचं नाक बघून मोठे डॉक्टर म्हणाले, "परत मारलं तर कायमचे हातपाय बांधायचे." फक्त मुलाची सही राहिली होती.

मुलगा आ-खुन बाजारात डुकराचं मटण विकायचा. सहीचा कागद खिशात घेऊनच आला होता.

"बाई, आधी नाक बघा आरशात! अजून काय लिहिताय?"

"कधी मारतो ते. चाळीस दिवस लिहितेय. एकटी गेले तर शिव्या देतो. दोघी-तिघी असलो तर ढकलतो. चौथ्यानं पाय धरला की मात्र जीव घ्यायला उठतो. का, ते देवालाच ठाऊक."

"मग जाळा ती वही! बांधा आणि सुटा एकदाचे!" त्याचा आवाज चिरकला. "मला काय हौस आहे का हो?"

"चौघं नकोत, एवढंच म्हणतेय मी."

"तिघीच गेलो आणि मारून टाकलं तर?" अंगठ्याला पट्टी बांधलेली परिचारिका फणकारली. बाईंचं ऐकतो कोण! अंघोळ अजून बाकीच होती. तिघींनी दोन हात आणि एक पाय धरला. उरलेला पाय आ-खुननं.

म्हाताऱ्यानं किंकाळी फोडली. लांब, फाटकी, चढत जाणारी. खाट गदगदली. एकीच्या गालावरून नखं ओरबाडत गेली, रक्त आलं. ही किंकाळी आ-खुननं लहानपणी अंगणात ऐकली होती. "मागचा पाय घट्ट धर रे!" बाप म्हणायचा. चौघं धरायचे. पाचवा सुरी घेऊन यायचा.

"सोडा!" तो ओरडला. "हात काढा सगळ्यांनी! आपण त्याला कापतोय असं वाटतंय त्याला! जन्मभर डुकरं कापली हो त्यानं, सुरी त्याच्याच हातात असायची!"

सुटलेली लाथ त्याच्याच जबड्यावर बसली. ओठ फाटला. तो जागचा हलला नाही.

बाईंनी ऊन पाण्यात पिळलेला टॉवेल म्हाताऱ्याच्या हातात दिला. "आजोबा, तुम्हीच पुसा."

म्हातारा धापा टाकत होता. टॉवेल मांडीवर ठेवून त्यानं आधी स्वतःचा गळा चाचपला, या कानापासून त्या कानापर्यंत. शाबूत होता. मग तो टॉवेल घेऊन मुकाट्यानं काखा पुसू लागला.

आ-खुननं खिशातला कागद काढला आणि त्याच कागदानं ओठाचं रक्त टिपलं.

"लिहा, बाई," तो रडत म्हणाला. "पाचवा कोण असायचा, तेही लिहा."