कबरी घरीच राहिली

"भाऊजी, लवकर या! कबरी गाभडली!"

शेजारच्या विमलताई आमच्या गोठ्यातून ओरडत होत्या. मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते तसंच सोडून धावलो.

कबरी मान खाली घालून उभी होती. मागे सांडलेल्या चाऱ्यावर, कुटारावर वासरू पडलं होतं. सातव्या महिन्याचं. अंगावर पुरते केसही आले नव्हते. कालवड होती. मी खाली बसून तिचं नाक पुसलं, छाती चोळली. विमलताईंनी माझा हात धरला.

"राहू द्या भाऊजी. ते पोटातच गेलं."

माझी बायको कांता दिवाळीच्या आधी गेली. छातीत दुखतं म्हणाली आणि कळंबहून यवतमाळला पोचेपर्यंत संपलं. कबरी तेव्हा गाभण होती. कांताने सुरू केलेलं आणि घरात अजून चालू असलेलं असं तेवढंच एक उरलं होतं. त्या सकाळी तेही थांबलं.

मी मोटारपंप दुरुस्त करतो. गोठा तिचा आणि मोटारी माझ्या, असा आमचा संसार. गाय काय खाते, कधी माजावर येते, यातलं मला काही कळत नव्हतं. ती गेल्यावर विमलताई सांगतील तसं करत होतो.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. कबरीचं रक्त घेतलं, वासराचे नमुने घेतले. वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला सांगितलं. खड्डा मीच खणला.

संध्याकाळी विठ्ठलराव आले. गावातले जुने शेतकरी, जनावरांतलं त्यांचं ऐकतात.

"भीमराज, हे जागेचं काम आहे. गाभडलेल्या गाईले ते दावं मानवत नाही. दुसऱ्या गावाले पाठव, तिथं गाभ ठरते का नाही पाह्य."

आमच्याकडे असंच करतात. गाय गाभडली की तिची जागा बदलतात. कोणी बहिणीकडे पाठवतो, कोणी विकतो. मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सकाळी उठून तो गोठा बघणं मला जड जात होतं. तांड्यावरचा लालसिंग जनावरांचे सौदे करतो. त्याला निरोप दिला. महागावकडे एक जण गाय शोधत होता. सौदा जमला आणि सोमवारी गाडी आणायचं ठरलं.

रविवारी सलोनी आली. ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिकते, विषाणूंवर काम करते. डॉक्टरांनी तपासणीत काय निघालं ते मला फोनवर सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते तिने समजावलं. बोलता बोलता ती गोठ्याच्या उंबऱ्यावरच बसली.

"मोठेबाबा, माणसाले नागीण होते ना? त्या विषाणूचा हा चुलतभाऊ समजा. पण हा गाईगुरांचा आहे, तुमाले होत नाही. भिऊ नका."

"मग औषध दे अन् मोकळी हो."

"त्याले मारायचं औषध नाही. एकदा आत गेला का तो निंगतच नाही. डोक्यातल्या नसांच्या गाठीत जाऊन झोपते. जलमभर."

"एवढा जबरदस्त आहे?"

"कायचा जबरदस्त? त्याच्यापाशी स्वतःचं काहीच नाही. नकाशा अन् थोडंसं सामान घेऊन येते. गाईच्या अंगातल्या बारीक पेशीत शिरते. दार उघडते ते पेशीचंच प्रथिन. आतपर्यंत वाहून नेते तेबी पेशीचंच. मंग त्या पेशीचे सारे कामगार त्याच्याच नकला काढत बसतात. पेशीले समजतबी नाही का आपण कोणाचं काम करून राह्यलो."

मला एकदम कळलं. "म्हणजे दुसऱ्याच्या तारेवर आकडा टाकून मोटार चालवते."

सलोनी हसली. "हाव! बराबर. मीटर गाईचं अन् ओलीत त्याचं."

"पण आला कुठून?"

तिने विचारलं, बाहेरचं जनावर गोठ्यात येतं का. येत होतं. आमच्या गावात महादेवाच्या नावाने सोडलेला सांड आहे. तो कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. दारोदार फिरतो, जो तो काहीबाही घालतो. आमच्या दारी यायचा तेव्हा कांता कबरीच्याच घमेल्यात त्याला भिजवलेली सरकीची ढेप द्यायची. कोणी एकदा तिला टोकलं होतं, की तुम्ही बुद्धाचे, तुमचा अन् महादेवाच्या सांडाचा काय संबंध? ती म्हणाली होती, "सांड देवाचा असंल, पण भूक त त्याचीच आहे ना."

"त्याच्याकडूनच आला असं नाही म्हणता येत," सलोनी म्हणाली. "पण येऊ शकते. नाकातल्या पाण्यातून लागते, सांडाच्या वीर्यातूनबी."

"अन् मंग झोपलेला जागा कायले झाला?"

"त्यालेबी गाईचंच सामान लागते. जनावराले ताण पडला का अंगात एक रस सुटते. तो पेशीतल्या एका प्रथिनाले जाऊन चिकटते. अन् तेच प्रथिन इकडं विषाणूचं बटन दाबते. लांबचा प्रवास झाला, जागा बदलली, उपास पडला..."



"कांता गेली तवा कबरीनं आठवडाभर कुटाराले तोंड लावलं नाही," मी म्हणालो.

सलोनी उठून माझ्याजवळ आली. "मोठेबाबा, तसंच झालं असं मी छातीठोक नाही सांगू शकत. पण तसं होऊ शकते."

मी कबरीकडे बघितलं. कांता गेल्यावर या घरात उपाशी राहिलेला मी एकटाच, असं मला इतके दिवस वाटत होतं.

सोमवारी लालसिंग गाडी घेऊन आला. गाडीला फळी लावली आणि कबरीला पुढे ओढलं. तिने पुढचे पाय फळीवर ठेवले आणि तिथेच अडली. तिचं अंग थरथरत होतं. लालसिंगच्या माणसाने शेपूट पिरगाळलं.

"थांब," मी म्हणालो. "लालसिंगभाऊ, घेणाऱ्याले रोगाचं सांगितलं का?"

"कोणता रोग? दिसायले त तुह्यापेक्षा धडधाकट आहे."

"तिच्या अंगात विषाणू आहे. आता झोपला आहे. या गाडीत बसली का जागा होईन. मंग त्या माणसाच्या साऱ्या गोठ्याले लागंन. त्याच्या गाई गाभडतीन."

"बाप्पा! गाय विकून राह्यला का पोरीची सोयरीक जमवून राह्यला? येवढं खरं त सोयरिकीतबी कोणी सांगत नाही."

"मी सांगतो. फोन लाव."

"लावत नाही. सौदा मोडंन."

"मोडू दे."

लालसिंगने कपाळावर हात मारला. विमलताई कुंपणापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे वळलो. त्यांची गायही गाभण होती आणि दोन गोठ्यांत एक कुडाची भिंत होती.

"वहिनी, कबरी घरी राहिली त तुमच्या गाईलेबी भेव आहे. सलोनी म्हणते, लस आहे. टोचून घेऊ. पण तुम्ही नाही म्हणाल त मी कबरीले वावरातल्या कोठ्यात नेऊन बांधीन. रोज तिकडं जाईन."

"तुम्ही कायचे जाता? स्वतःची भाकर त करपवता." विमलताईंनी पदर खोचला. "सोड रे त्या गाईचं शेपूट! लस टोचू म्हणतात त टोचू. उतरवा तिले."

लालसिंगनेच तिला मागे घेतलं. जाताना म्हणाला, "भीमराजभाऊ, तू धंद्याचा माणूस नाही." पण पुढच्या गावाला पोचल्यावर त्याने फोन करून विचारलं, ती लस कोणाकडे मिळते.

लस आली. विमलताईंच्या गाईला टोचली आणि आजूबाजूच्या गोठ्यांतही. सांडाचा प्रश्न उरला. तो कोणाचाच नाही, मग धरायचा कोणी? विठ्ठलराव आधी भडकले.

"देवाच्या सांडाले सुई?"

"मंग देव काय गावच्या गाई गाभडवायले बसला आहे काय?" विमलताई म्हणाल्या.

विठ्ठलराव दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच गूळ दाखवून सांडाला खांबापाशी आणलं, त्याची शिंगं धरली आणि डॉक्टरांना म्हणाले, "लवकर आटपा." गाई फळवायला आता कोणी सांडाकडे नेत नाही. दारी आला तर मी ढेप देतो, त्याचं घमेलं वेगळं केलं आहे.

कबरीला पुन्हा माज आला तेव्हा तो मला माझा मलाच कळला. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सरकारी सांडाच्या वीर्याची, कृत्रिम रेतनाची सुई भरली. मग मी महिने मोजत गेलो. सातवा महिना आला तेव्हा कामाला बाहेरगावी गेलो नाही. दोन मोटारी नाकारल्या. विमलताई हसायच्या, "बाळंतपण कोणाचं आहे भाऊजी, तिचं का तुमचं?"

सातवा गेला. आठवाही गेला. पोळा झाल्यावर ऐन दुपारी कबरी व्याली. गोऱ्हा झाला. पडल्या पडल्या त्याने डोकं उचललं आणि नाकातून फुर्रकन पाणी उडवलं. कबरी त्याला चाटत सुटली. मला जवळ येऊ देईना. मी बाजूला विटेवर बसून बघत राहिलो. चीक कसा पाजायचा हे विचारायला विमलताईंना हाक मारणार होतो, पण त्याने स्वतःच सड शोधला.

सलोनीला फोन केला. ती आनंदाने ओरडली, मग जरा थांबून म्हणाली, "मोठेबाबा, वासराचं रक्त आताच नका तपासू. आईच्या चिकातून रोगाशी लढायचं जे बळ त्याच्या अंगात गेलं, तेच दिसंन. त्याचं स्वतःचं काय आहे ते समजणार नाही. थोडा मोठा होऊ द्या."

"अन् तुह्या कामाचं काय? ते बटन दाबणारं प्रथिन?"

"आमी त्याले अडवून पाहून राह्यलो. काचेच्या भांड्यातल्या पेशींत विषाणू कमी जागा होते. गाईत अजून नाही पाहिलं."

गोऱ्हा आता दाव्याला हिसके देतो. कबरी दोन्ही वेळ दूध देते. तिच्या अंगातला तो विषाणू अजून तिथेच आहे आणि राहणार. गोऱ्ह्याचं रक्त तपासायचं अजून राहिलं आहे.