उजवीकडचा तुकडा

बायको जाऊन महिना होत आला होता. त्या सकाळी जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. यंदाच्या प्रदर्शनात मधल्या टेबलावर तुमचीच नोट हवी, म्हणाले. तपासनीसांनी बरं म्हटलं, कपाटातून आल्बम काढला, पहिलंच पान उघडलं आणि नोट गेल्याचं त्यांना कळलं.

गेली म्हणजे अर्धीच गेली होती. डावा तुकडा जागच्या जागी होता. उजवीकडे प्लास्टिकचा खिसा नुसता चमकत होता. त्यांनी आल्बम उलटा धरून झटकला, कपाटाखाली हात घालून पाहिलं, हाताला धूळ लागली ती बनियनला पुसली. बायको गेली तेव्हा भोवती माणसं होती, काही ना काही करायचं होतं. आज ते फरशीवरच बसून राहिले, बघायला कोणी नव्हतं.

तपासनीस हे त्यांचं नोकरीतलं काम. उभा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला. समोर माणूस आला की आधी त्याचे हात बघायचे आणि मग तोंड, ही खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. बायको म्हणायची, पाहुणा दारात आला तरी हे आधी त्याचं तिकीट बघतात. नोटांचा नादही बसमध्येच लागलेला. एका म्हाताऱ्या प्रवाशाने दंडापोटी चलनातून केव्हाच बाद झालेली नोट पुढे केली. तपासनीसांनी दंड पदरचा भरला आणि नोट ठेवून घेतली, कारण तिच्या कोपऱ्यातली वेलबुट्टी केसाहून बारीक होती आणि एकही रेघ दुसरीला चिकटलेली नव्हती. तेव्हापासून माणसांवरचा उडालेला त्यांचा विश्वास कागदावर बसला तो बसलाच.

ही अर्धी झालेली नोट आल्बममधली सगळ्यांत जुनी. एका बाजूने छापलेली, पाठ कोरी. कागद हाताने केलेला. उजेडाला धरला की आत पाण्याच्या लाटांसारख्या रेघा दिसायच्या. सही छापील नव्हती, कुणा अधिकाऱ्याने शाईने केलेली. आणि नंबर दोनदा, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाहुण्याला नोट दाखवताना तपासनीस विचारायचे, एकाच नोटेवर नंबर दोनदा कशाला? पाहुणा डोकं खाजवायचा. मग ते सांगायचे की त्या काळी टपाल वाटेत लुटलं जाई. म्हणून व्यापारी नोट मधोमध कात्रीने कापायचे. एक तुकडा आधी पाठवायचा, तो पोचल्याची चिठ्ठी आली की दुसरा. घेणारा दोन्हीकडचे नंबर जुळवून बघायचा, मागून कागदाची पट्टी चिकटवायचा, की झाली नोट पुन्हा चालती. चोराच्या हाती काय, तर अर्धा कागद. एवढं सांगून ते नोट उलटी करून पट्टी दाखवायचे आणि म्हणायचे, वेगवेगळ्या वाटांनी गेले बिचारे, पण शेवटी भेटले की नाही? आतून बायको म्हणायची, “आता टाळ्या.”

ती ग्रंथालयात फाटकी पुस्तकं सांधायच्या कामाला होती. घरातही तिची खळ, ब्रश, टीपकागद आणि दोन पाट आवळून धरणारा लाकडी शिकंजा असायचा. नोटेमागची पट्टी पिवळी पडली आहे, कागद खाईल, जरा बदलून दे, असं तपासनीस तिला गेल्या वर्षी म्हणाले होते. मग तिला दुखणं लागलं आणि पट्टीचं त्यांच्या डोक्यातून पार गेलं.

आता ते तुकड्याकडे बघत बसले. अर्धी नोट चोरणारा चोर त्यांनी कधी ऐकला नव्हता. अख्खी नेली असती तर समजलं असतं. अर्धी नेणाऱ्याला नोट नको होती, त्याला तपासनीस हवे होते. उद्या कोणीतरी येणार, तुकडा पुढे करणार आणि म्हणणार, हा हवा तर आल्बम सोडा. किंवा कोणी येणारच नाही, नुसता सूड. सूड घ्यायला कारण कोणाला होतं? घराची दुसरी किल्ली कोणाकडे होती? तिथे त्यांच्या मनात पाल चुकचुकली. किल्ली मेहुण्याकडे होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. फोटोंच्या चौकटी करायचं त्याचं दुकान. बायकोच्या आजारपणात तो रोज दुपारी घरी यायचा, तेव्हा तपासनीस औषधाच्या नाहीतर तपासण्यांच्या रांगेत असायचे. नोटांवरून तो पहिल्यापासून टोमणे मारायचा. म्हणायचा, दाजी, चालणाऱ्या नोटा देऊन न चालणाऱ्या घेता, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला कधी मिळणार? तेव्हा सगळे हसायचे. आज तपासनीसांना त्यातलं एकही वाक्य हसण्यासारखं वाटेना.

ते दुकानात गेले तेव्हा मेहुणा टेबलावर काच आडवी टाकून तिच्यावर कटर फिरवत होता. भिंतीवर रिकाम्या चौकटी एकात एक टांगलेल्या होत्या. त्याने स्टूल पुढे सरकवलं, जेवलात का विचारलं. तपासनीस बसले नाहीत. सराईत माणसाला थेट विचारायचं नसतं, कुठे चढलात, कुठे उतरणार असं आडून आडून यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. चौकटी कशा खपतात, जुना कागद काचेखाली किती टिकतो, असं विचारत विचारत ते दुपारच्या येण्याजाण्यावर आले.

“दुपारी घरात तू एकटाच असायचास.”

“ताई होती की.”

“ती पडून असायची. आल्बममधली नोट अर्धी गेलीय.”

मेहुण्याचा कटर थांबला. “अर्धीच? म्हणजे अजून नाही...” एवढं बोलून त्याने पुढचं गिळलं.

गिळलेला शब्द तपासनीसांनी आयुष्यात हजारदा पाहिला होता. तिकीट नसलेला माणूस खिसे चाचपायच्या आधी असाच एक घोट गिळतो.

“अजून काय नाही?”

“काही नाही, दाजी. हवं ते विचारा, पण मला सांगता यायचं नाही. ताईला शब्द दिलाय.”

“मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवता येतं,” तपासनीस म्हणाले. “किल्ली दे.”

मेहुण्याने कटर खाली ठेवला. जुडग्यातून किल्ली काढताना ती लवकर निघेना, त्याने दातांनी कडी ताणली. किल्ली काचेवर ठेवून तो इतकंच म्हणाला, “जरा बाजूला व्हा. काच तुटायचीय, अंगावर येईल.”

बाहेर पडताना तपासनीसांना चोर पकडल्याचं समाधान व्हायला हवं होतं. ते झालं नाही. अर्धी नोट मेहुणा कोणाकडे खपवणार, हा प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर एकच होतं. नोटवाला. जुनी नाणी, तिकिटं, नोटा विकणारा. एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान, वाकून आत जावं लागायचं. ही नोट तपासनीसांनी त्याच्याकडूनच घेतली होती आणि पुढे कितीदा तरी त्याने ती परत मागितली होती. प्रत्येक वेळी भाव वाढवून.

नोटवाल्याने त्यांना बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, “मला वाटलंच होतं तुम्ही याल. वहिनींचं कळलं. यायचं धाडस झालं नाही.”

“धाडस कशाला लागतं?”

त्याने खालचा खण उघडला आणि दोन पुठ्ठ्यांमधून तुकडा काढून समोर ठेवला. तोच उजवा तुकडा. तपासनीसांनी ओळखला, वरच्या कडेला नखाएवढा तपकिरी डाग होता. पण खाली बघताना ते थबकले. डाव्या तुकड्यावरच्या नंबराच्या शेवटी 8 होता. गेली कित्येक वर्षं दोन्हीकडे 8 होता, पाहुण्यांना बोट ठेवून दाखवलेला. इथे 3 होता.

“ही माझी नोट नाही,” ते म्हणाले.

नोटवाल्याने मान हलवली, हो की नाही ते कळेना. मग तो सांगू लागला. वहिनी स्वतः आल्या होत्या, भावाच्या स्कूटरवर मागे बसून. जिन्याखाली वाकता येईना म्हणून बाहेरच पायरीवर टेकल्या. पट्टी काढायला त्यांनी दोन्ही तुकडे ओले केले होते आणि उजवीकडचा 8 त्यांच्या डोळ्यांदेखत 3 झाला. छापाची शाई तेलाची असते, पाण्याला दाद देत नाही. सहीची जुनी लोखंडी शाई कागदात मुरलेली, तीही टिकते. नंतरची साधी दौतीची शाई तेवढी सुटते. पूर्वी कधीतरी कुणीतरी 3 ची उघडी तोंडं टाकाने बंद करून त्याचा 8 केला होता. वेगवेगळ्या दोन नोटांचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून दिले होते.

“कुणीतरी म्हणजे तू.”

“मी तशीच घेतली होती, साहेब. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.”

“आणि ती काय म्हणाली?”

“म्हणाल्या, या दोन तुकड्यांचा घटस्फोट मी केलाय, आता डावीला तिचा खरा नवरा तुम्ही शोधून द्या. आणि ह्यांना कळता कामा नये. ह्यांना ती गोष्ट सांगायला आवडते. भावालाही तिथेच शपथ घातली.”

तपासनीस नोटवाल्याच्या हातांकडे बघत होते. हात स्थिर होते. तो खोटंही स्थिर हातांनी बोलू शकला असता. तुकडाच बदलला असेल, डागाचं काय, चहा शिंपडला की डाग. मेहुण्याने आणून दिला असेल आणि दोघांनी मिळून ही कहाणी रचली असेल. कुठेतरी पाणी मुरतंय, हे एकदा मनाने घेतलं की कोरडी जागा दिसत नाही. आणि जिच्या नावावर हे सगळं खपवलं जात होतं तिला विचारायची सोय नव्हती. त्यांनी तुकडा उचलून पुठ्ठ्यांसकट खिशात घातला. नोटवाल्याने अडवलं नाही. खऱ्या तुकड्याचा शोध चालू आहे, दोघातिघांना सांगून ठेवलंय, एवढं तो पाठमोऱ्या माणसाला म्हणाला.

घरी येऊन ते बायकोच्या कामाच्या कोपऱ्यात गेले. महिन्यात तिथे हात लावला नव्हता. खळीची वाटी वाळून तिला भेगा पडल्या होत्या. ब्रश तिने धुऊन, उलटा, ग्लासात ठेवलेला होता. त्यांना नोटवाल्याला खोटं पाडायचं होतं. ओला कागद ती टीपकागदात घालून शिकंज्यात आवळायची, आणि टीपकागद एकदा वापरून टाकून द्यायची नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी शिकंज्याचा दांडा फिरवला. तो सहज फिरला. शेवटी शेवटी तिच्या हातात आवळायला जोर नव्हता.

आत टीपकागदाचे तीन-चार ताव होते. एकावर पट्टीच्या खळीचा पिवळा ओघळ. त्याच तावाच्या खालच्या भागात, उलटे, करड्या-निळ्या शाईचे दोन बारीक बाक, एकावर एक. कापलेल्या नखांसारखे. बाकी कागद कोरा. छापाचं एक अक्षर उमटलेलं नव्हतं. तपासनीसांनी खिशातला तुकडा काढून त्या बाकांवर उपडा ठेवला, कापलेली कड पिवळ्या ओघळाला लावली आणि कागद खिडकीकडे धरला. दोन बाक 3 च्या दोन उघड्या तोंडांवर बरोबर बसले आणि नंबराच्या शेवटी पुन्हा 8 झाला.

ते बराच वेळ तसेच हात वर करून उभे राहिले. उभ्या जन्मात खोटं तिकीट त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं, असं ते सांगत आले होते. हे कपाटात होतं, दोन्हीकडे बोट ठेवून दाखवलेलं. पण त्याचंही एवढं नव्हतं. आठवत राहिली ती शेवटची खेप. डॉक्टर घरी आले होते आणि जाताना त्यांना तपासनीसांनी नोटेची गोष्ट सांगितली होती. नुसतीच, आल्बम न काढता. वेगवेगळ्या वाटांनी गेले, शेवटी भेटले. तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. उशीला टेकून ती नेहमीसारखंच म्हणाली होती, आता टाळ्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिटणिसांना फोन करून सांगितलं की नोट दुरुस्तीला आहे. चिटणिसांनी विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, सांगता येत नाही. नोटवाल्यावरचा त्यांचा संशय गेलेला नाही. विकताना त्याला माहीत होतं असं त्यांना अजून वाटतं, आणि तरी आठवड्याला एकदा ते जिन्याखाली वाकून, सापडला का, विचारून येतात.

दोन्ही तुकडे आता आल्बममध्ये वेगवेगळ्या पानांवर आहेत. डावीचा खरा जोडीदार सापडलेला नाही. मेहुण्याची किल्ली टेबलावर, बायकोच्या चष्म्याच्या डबीशेजारी आहे. दोनदा ती खिशात घालून तपासनीस चौकटीच्या दुकानापर्यंत गेले, काच कापल्याचा आवाज ऐकला आणि परत आले. किल्ली अजून द्यायची राहिली आहे.