सोमवारचा पिंपळ

शेवाळावर पांढरी साय धरली होती. बुरशी नव्हे — बुरशी तंतू सोडते. ही नखानं खरवडली की पापुद्र्यासारखी निघत होती आणि तिला वास होता, आंबट, न विसळलेल्या ताकाच्या भांड्याचा. कल्याणरामनं नख कमरेच्या वेष्टीला पुसलं. उथळ कुंडीतल्या त्या हातभर बोन्साय पिंपळाची खालची पानं पिवळी पडली होती. पान पिवळं पडलं की तो आधी मुळांचा विचार करी, कारण वर दिसतं ते सगळं खालून ठरतं — हे पाटबंधारे खात्यात त्यानं निवृत्त होईपर्यंत साहेबांना सांगितलं होतं, आणि साहेबांनी निवृत्त होईपर्यंत ऐकलं नव्हतं.

दूध. या झाडाला कुणीतरी दूध घालत होतं.

कोण, ते ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. गच्चीवर येणारी माणसं मोजकी, आणि मूर्ख सगळी सारखीच. शेजारच्या सूर्यनारायणनं यंदा घरावर भली मोठी तबकडी उभारून अख्ख्या गल्लीला केबल दिली होती. तो वायर ओढायला यायचा आणि दर वेळी विचारायचा, सार, याला फळ कधी धरणार? पुण्याहून तंजावरला आलेले नातेवाईक वाकून बघत, हळहळत — बिचारं, वाढूच दिलं नाही — आणि आपण फार खोल बोललो अशा चेहऱ्यानं खाली जाऊन आणखी दोन इडल्या मागत. तो विचार सगळ्यांनाच सुचतो. उन्हाळ्यात दोनदा पाणी घालायला लागतं, हे मात्र एकालाही सुचत नाही... पण कुंडीत दूध ओतायला निराळाच मूर्खपणा लागतो, भक्तीचा. तो या घरात एकाच माणसाकडे होता.

मग त्याला वर्तुळ दिसलं. म्हणजे ते आठवडाभर दिसतच होतं. ऐप्पसीच्या, आश्विन-कार्तिकातल्या, पावसानं गच्चीवर हिरवा थर आला होता, आणि पिंपळाच्या दगडी चौरंगाभोवती — चिंचेच्या नव्हे, कठड्याजवळच्या वडाच्याही नव्हे — तो गोल घासून गेला होता. आपलीच पावलं, असं तो समजला होता. चौरंग उन्हाळ्यात गच्चीच्या मधोमध आणवला तो वरलक्ष्मीच्या सांगण्यावरून. कठड्याच्या सावलीत झाड कोमेजतं, असं ती म्हणाली होती, आणि इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला उन्हाचं काही कळलं म्हणून तो मनातून सुखावला होता. माणसं लावून त्यानं तो जड दगड हलवला. मधोमध ठेवलेल्या झाडाला प्रदक्षिणा घालता येते... आणि मी, नुसत्या बांधाकडे बघून पाणी कुठं झिरपतंय ते सांगणारा मी, बायकोच्या सोयीसाठी दगड हलवून घेत होतो.

त्यानं झाड कुंडीला धरून ठेवणाऱ्या तारा सोडल्या, ते कुंडीतून उचललं. खालची मुळं काळी, बोटानं दाबली की सालीसकट सुटणारी. ऋतू चुकीचा होता. पिंपळाची मुळं कापायची ती पानगळीनंतर, अजून चार महिन्यांनी, मासीत. पण मासीपर्यंत हे झाड टिकणार नव्हतं. ओल्या गोणपाटावर ते आडवं ठेवून त्यानं कात्री काढली.

वरलक्ष्मी कॉफी घेऊन वर आली. त्यानं दुधाचं विचारलं, तेव्हा तिनं काही नाकारलं नाही. तळ्याकाठचा पिंपळ लांब, पायऱ्या निसरड्या, गुडघे हे असे. अरसाचं, पिंपळाचं, झाड केवढं आहे ते देव बघत नाही. आणि अमावास्येचा सोमवार वर्षातून एखाद-दोनदाच येतो, म्हणून तिनं सगळेच सोमवार धरले. लेकीसाठी धरले. त्यानं दूध आणि मुळं यांच्याबद्दल जे सांगितलं, ते तिनं दूरदर्शनच्या हिंदी बातम्या ऐकाव्यात तसं ऐकलं. मग तिला कात्री दिसली. तिनं पेला कठड्यावर ठेवला.

“आज मुळें कापूं नका. विनुताला दिवस गेलेत.”

त्यांची लेक बंगळूरला होती. परवा तिचा फोन आला तेव्हा ती त्याच्याशीही बोलली होती — तंजावरला पाऊस कसा आहे, असं विचारलं होतं.

“मला का नाही सांगितलं?”

“तिनेंच नको म्हटलें.”

मागच्या वेळी विनुतानं आधी त्यालाच सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यात ते गेलं, तेव्हा शंभरातली किती अशी जातात हे त्यानं वाचनालयात बसून शोधलं आणि तिला फोनवर सांगितलं. आकडा बरोबर होता. तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. बरोबर आकड्यात दुखावण्यासारखं काय असतं, हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. आताही कळत नव्हतं.

“या मुळांचा आणि तिचा काय संबंध?”

“नाहीं म्हणतां ना? मग थांबा चार महिने.”

“चार महिन्यांत हे मरेल.”

“तसें बोलूं नका.”

म्हणजे हिनं पुढचा विचारच केला नव्हता. असली माणसं करतच नाहीत. आज कापलं आणि तिकडे काही झालं, तर ही कात्री तिला जन्मभर दिसेल. नाही कापलं, तर ती दर सोमवारी वर येईल आणि गळलेली पानं बघून जाईल. दोन्हीकडून अडकली होती, स्वतःच्या हातानं. हे तिला नीट, टप्प्याटप्प्यानं, तिच्याच तर्कानं दाखवून द्यावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

“आणि आपोआप मेलं तर?”

आवाज भलताच निघाला. मुळांवरचं पाणी सुकत चाललं होतं, वाऱ्याला जोर होता, कात्रीची पाती बोटांना गार लागत होती. वरलक्ष्मी गुडघ्यावर हात टेकून ओल्या फरशीवर बसली; गोणपाटावरचं ते उघडं, काळं जाळं बघत राहिली आणि काहीच बोलली नाही. ती नेहमी काहीतरी बोलते. देवाचं, नवसाचं, कुणा नागलक्ष्मीच्या सुनेला काय गुण आला त्याचं... दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यानं ते हसण्यावारी नेलं असतं. आता तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता — बोल, काहीही बोल — आणि हा प्रश्न आपण तिला खोडून काढायला विचारलेला नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.