वजा केलेला तारा

दूरच्या एका दीर्घिकेच्या मधोमध जे कृष्णविवर आहे, त्याच्या शेजारी सरांना एक पुसट कडं दिसलं होतं. स्फोटात मेलेल्या ताऱ्याचं ते उरलंसुरलं, असं त्यांचं म्हणणं. पण क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात ते त्यांच्याशिवाय कुणालाच धड दिसेना. प्रयोगशाळेत त्याला ‘सरांचा डाग’ म्हणून हसायचे. शेवटी त्यांच्याच लाडक्या विद्यार्थिनीने आकडेमोड करून दाखवलं, की तिथे काहीच नाही. सरांनी लेख मुकाट्याने मागे घेतला. तिचं मात्र नाव झालं.

बारा वर्षांनी नव्या मुलांना शिकवायला म्हणून तिने ती जुनी फाइल उघडली आणि तिला स्वतःचीच चूक दिसली. अशा चित्रातून भोवतालच्या आकाशाची चमक वजा करतात. त्यासाठी एखाद्या रिकाम्या जागेवर वर्तुळ आखायचं, तिथला उजेड मोजायचा आणि तेवढा सगळीकडून कापायचा. तिने वर्तुळ आखलं होतं ते थेट त्या कड्यावरच. तिथे काही नाही, हे तिने आधीच धरून टाकलं होतं. आता वर्तुळ बाजूला सरकवलं, तर कडं वर आलं. एका अंगाने दबलेलं, पण होतं.

झाकली मूठ झाकलेलीच ठेवता आली असती, कोण विचारणार होतं? दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी चित्र घेऊन ती सरांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. “ये गं, किती वर्षांनी! पण कागद कशाला आणलास? त्यांना आता काही दिसत नाही.”

हेही तिला माहीत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

“सर, चूक माझी होती,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “मी कड्यावरच वर्तुळ आखलं होतं. तुमचं कडं आहे तिथे.”

सरांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली.

“कुठल्या बाजूने दबलंय?”

“कृष्णविवराकडच्या.”

“हं. मलाही तसंच दिसलं होतं.” ते आणखी काही म्हणतील, रागावतील, म्हणून ती थांबली. सर खुर्चीच्या हातावरून नुसता हात फिरवत राहिले.

“मला वाटलं, माझी नजरच खोटी,” ते म्हणाले. “डोळे चांगले होते गं तेव्हा. पण त्यानंतर मी बघणंच सोडलं.”